सहावा कप्पा

माझ्या साडूइतका हिशेबी आणि तितकाच बेअक्कल सुतार साऱ्या वऱ्हाडात सापडणार नाही. अकोल्याच्या जुन्या शहरात त्याचं दुकान. तिथं त्यानं कंप्युटर आणून ठेवला. कोणती फळी कुठून कापली की तुकडा वाया जात नाही, हे त्यातल्या चौकटींत आकडे भरून-भरून पाहायचा. करवत भिंतीला, आणि हा आठ-आठ दिवस नुसता बोटं आपटतोय! मेळघाटात सेमाडोहला नेला तर सगळे वाघ धुंडत होते, आणि हा सागाच्या खोडाला कव घालून म्हणतो, "दादा, याच्यात तीन दारं आन एक पाट निघते."

कापसानं दगा दिलेली वर्षं होती ती. लोक मोडकी बाज सुतळीनं बांधून वापरत, नवं लाकूड कोण घेणार? पण माझ्या बायकोच्या माहेरचा जुना साग पडला आणि चार फळ्या तिच्या वाट्याला आल्या. त्यांचं स्वयंपाकघरात कपाट व्हावं, एवढीच तिची हौस. फळ्या साडूकडे गेल्या आणि त्या चौकटींत अडकल्या. पाच कप्पे बसत, पण तुकडा उरे, म्हणून हा पुन्हा पहिल्यापासून मांडायचा. बायको दुखण्यानं खाटेला खिळली तरी याचं मांडणं सुरूच. मी धामणगावहून फोनवर ओरडलो, "काहून रे, कपाट पाहून जाऊ देशील का नाई तिले?"

"सहावा कप्पा बसवून राहिलो, दादा. दोनच दिवस."

ती खाटेवरून म्हणाली, "जवाईबुवाले रागावू नका. माझंच लाकूड वाचवून राहिले."

सहा कप्पे बसले, कंप्युटरात! कापल्यावर कळलं, करवतीचं पातं दर कापाला सूतभर लाकूड खातं, ते यानं धरलंच नव्हतं. अरे, जन्म करवतीवर गेला ना तुझा? शेवटची फळी बोटभर आखूड. ती कशी झाकावी हे मांडत बसला, तेवढ्यात बायको गेली.

तेरवीला कपाट घेऊन आला. मी चारचौघांत नाही नाही ते बोललो. त्यानं एक पिशवी पुढं केली. आत लाकडाचा भुसा.

"बाईच्या फळ्यायचा हाय. फेकवला नाई, दादा."

ती पिशवी आता सहाव्या कप्प्यात, त्या आखूड फळीवर असते. चहाचा डबा काढायला दार उघडलं की तिच्या माहेरच्या सागाचा वास येतो. साडूला मी माफ केलेलं नाही. दर रविवारी त्याचा फोन येतो, "दादा, फळी बदलून देऊ?"

"हात तर लावून पाह्य," मी म्हणतो, आणि फोन मात्र लवकर ठेवत नाही.