लायसन्स कोणाच्या नावावर

माझी बायको समता कॉलोनीतल्या एका क्लिनिकचे सोनोग्राफीचे रिपोर्ट घरी बसून टाइप करते. डॉक्टर फोनवर बोलून पाठवतात, ही कानाला हेडफोन लावते अन् बोटं सुरू. रेल्वेच्या ऑफिसात माझा जन्म गेला, पण इतकं सफाईनं टाइप करणारं माणूस मी पाहिलं नाही. तिच्या तोंडावर हे म्हणत नाही, डोक्यावर बसेल.

तिचा जुना कॉम्प्युटर उन्हाळ्यात मनात येईल तेव्हा बंद पडायचा. शेवटी नवा आणला. जोडून द्यायला आलेला दुकानदार म्हणाला, "दीदी, ऑफिस का क्रैक डाल देता हूँ, सब वही चलाते हैं."

"नहीं भैया, मेरे पास लायसेंस है."

चोरीची का होईना, कॉपी फुकट मिळत होती तर बाईसाहेबांना नको! माझं डोकं तिथंच सणकलं. अन् झालं तेच. नव्या कॉम्प्युटरनं तिच्या लायसन्सचा नंबर घेतलाच नाही. हे सॉफ्टवेअर दुसरीकडे चालू आहे म्हणे. जुने रिपोर्ट उघडून दिसत होते, पण एक अक्षर टाइप होईना. रिपोर्ट संध्याकाळपर्यंत द्यायचे होते, आणि क्लिनिकनं आधीच बजावलं होतं, आता उशीर झाला तर काम दुसऱ्या कोणाला देऊ.

तिनं मदतीच्या नंबरवर फोन लावला. आधी मशीन बोललं, मग एक मुलगी आली. फोन स्पीकरवर होता.

"मैडम, यह सॉफ्टवेयर अभी कितने कंप्यूटर पर है?"

मी समोरून बोट नाचवलं. एक! एक सांग!

"दो," ही म्हणाली.

मी कपाळावर हात मारून घेतला. मुलगी म्हणाली, लायसन्स एकाचंच आहे, आधी जुन्यातून काढा.

"हव, निकालती हूँ. आप लाइन पर रहना."

"अगं, वेड लागलं का तुले?" मी दबक्या आवाजात ओरडलो. "जुना कसा का होईना, चालून तर राहिला. त्यातून काढलं अन् नव्यात नाही आलं, तर बसशील हात चोळत! काहून खरं बोलायला गेली?"

"तिनं विचारलं, मी सांगितलं. तुम्ही जरा बाजूला व्हा, प्लग काढून ठेवसान पायानं."

जुना कॉम्प्युटर धापा टाकत सुरू झाला. काढून टाकायचं का, असं त्यानं विचारलं. हिनं बटण दाबलं, जराही थांबली नाही. आता ना जुन्यात काही होतं, ना नव्यात. इतक्या वर्षांचं हिचं काम त्या फोनवर लटकलेलं, अन् ही आपली शांत, केसांचा क्लिप नीट करून राहिली! मला तिचा भयंकर राग येत होता. खरं सांगतो, तितकाच अभिमानही वाटत होता.

मुलगी आकडे सांगत गेली, ही टाइप करत गेली. शेवटचा आकडा टाकला, थोडा वेळ काहीच झालं नाही, आणि मग रिपोर्टच्या पानावर अक्षरं उमटायला लागली. "झालं बाप्पा!" मी इतक्या जोरानं ओरडलो की फोनवरची मुलगीही हसली.

"रिकॉर्ड के लिए सर का नाम बता दीजिए," ती म्हणाली, "लायसेंस जिनके नाम पर है."

मी सवयीनं पुढे झालो. घर माझ्या नावावर, गॅस माझ्या नावावर, स्कूटर चालवते ही, पण तीही माझ्याच. नाव सांगायला मी तोंड उघडलंच होतं.

"सर नहीं," बायको म्हणाली. "मेरे नाम पर है." आणि तिनं आपलं नाव सांगितलं, सावकाश, एकेक अक्षर सुटं करून.

दुकानदाराचा तो फुकटचा माल तिला काहून नको होता, ते मला तेव्हा कळलं. मी पुढे केलेली मान मागे घेतली.