लाईट धरणारीचा आवाज

माझा मिक्सिंगचा कम्प्युटर चार वर्षं कपाटाशेजारी नुसता उभा होता, अंगावर जुना टॉवेल पांघरून. भंगारवाला ओरडत गेला की वाटायचं, आज देऊन टाकू. पण तो उचलून जिना उतरायचा म्हणजे आधी गुडघ्यांना विचारावं लागायचं, आणि गुडघे कधीच तयार नसायचे. म्हणून तो राहिला. आमच्या घरात बऱ्याच गोष्टी अशा, टाकायचा कंटाळा आला म्हणून राहिल्या आहेत. त्यात मीही आलो.

नेवाशात मी वीस-बावीस वर्षं लग्नांचं व्हिडिओ शूटिंग केलं. शूटिंग आणायचं, कम्प्युटरवर कापायचं, त्यावर गाणी चढवायची आणि डीव्हीडी करून द्यायची. या कापाकापीला आमच्या धंद्यात मिक्सिंग म्हणतात. पुढे ड्रोन उडवणारी मंडळी आली, नवरा-नवरी लग्नाआधीच डोंगरावर जाऊन पळताना दिसायला लागले, आणि मी थांबलो. थांबलो असं म्हणायचं, खरं म्हणजे कोणी बोलवेना.

धंद्यात मी कॅमेरा धरायचो आणि बायको लाईट धरायची. सुरुवातीला त्या कामाला एक माणूस ठेवला होता. पण नवरीची ओटी भरतात, हळद लावतात, त्या आतल्या खोलीत बायका त्याला येऊ देत नसत. मला घेतानाही कुरकुर करायच्या. एकदा तो आजारी होता म्हणून बायकोला नेलं, तर सगळी दारं आपोआप उघडली. मग तीच कायमची आली. एका हातात हजार वॅटचा हॅलोजन, दुसऱ्या हातात वायरचं वेटोळं, पदर खोचलेला आणि तोंड अखंड चालू. "सरका ओ मावशी, वायर हाय." "आवं, नवरीची आई कुठं गेली? बोलवा की तिला, तिला बी घ्या फोटूत." अनोळखी घरात दहा मिनिटांत तिची वट बसायची. तिचं माहेर पाथर्डीकडचं. बोली तिकडची आणि आवाजही तिकडचा, शेताच्या या बांधावरून त्या बांधावर जाणारा.

दोन वर्षांपूर्वी तिला अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. समजतं सगळं, पण तोंडातून एकच शब्द येतो, 'व्हय'. पाणी हवं असलं तरी व्हय आणि नको असलं तरी व्हय. भुवई वर गेली तर हो, आणि कपाळाला आठी पडली तर नाही, एवढं मी शिकलो आहे.

सकाळी तिचं आवरायचं, चहा पाजायचा, हातापायाचा व्यायाम घ्यायचा, गोळ्या द्यायच्या, भाकऱ्या थापायच्या, पुन्हा गोळ्या. भाकरी मला आता बरी जमते, गोल मात्र होत नाही. लोक येतात आणि म्हणतात, फार सेवा करताय हो. मी थकलो आहे, हे इथे सरळ लिहून टाकतो. कौतुक करणाऱ्यांनी एक दिवस तिला कुशीवर वळवून दाखवावं.

तिची दुपार जाता जात नसे. टीव्हीवरच्या मालिका तिला आवडत नाहीत, आणि मोबाईल डाव्या हातात ठरत नाही. आमची मुलगी पुण्यात कम्प्युटरच्याच कामावर आहे. एक दिवस फोनवर ती म्हणाली, "पप्पा, तो जुना डबा भंगारात देऊ नका. आपण त्याचा सर्व्हर करू. तुमच्या सगळ्या सीडीज त्यात भरायच्या. आई टीव्हीवर बघेल. रिमोटची चारच बटणं लागतील तिला." मला उत्साह नव्हता. पण नाही म्हणायलाही ताकद लागते.

कम्प्युटर उघडला तर पंख्यात धुळीची गादी बसलेली, आणि तिच्यात अक्षतेचा एक पिवळा दाणा. कॅमेऱ्याच्या बॅगेतून कधीतरी आला असणार. तो मी खिडकीत ठेवला आणि पुढचे आठ दिवस फोन कानाला लावून काढले.

"पप्पा, पेनड्राईव्ह लावून चालू केलात का? काय दिसतंय?"

"काळं."

"काळ्यावर काय लिहिलंय?"

"थांब, चष्मा आणतो."

ती पुण्याहून एकेक अक्षर सांगायची, मी इकडे एका बोटाने टाइप करायचो, आणि ऐन वेळी वीज जायची. शेवटी इन्व्हर्टरवर जोडला. मग एका दुपारी टीव्हीवर चौकोन उमटले आणि चौकोनांखाली माझ्याच हाताने दिलेली गावांची नावं. मी फाईलींना कधी नवरा-नवरीची नावं दिली नाहीत, गावाचं द्यायचो. नावं विसरतात, गाव लक्षात राहतं.

बायको ते बघायला लागली. लोकांची लग्नं, लोकांच्या मुली, लोकांच्या पंगती. डाव्या हाताने टीव्हीकडे बोट करायची, हसायची, डोळे पुसायची. मला वाटलं, चला, दुपारचा प्रश्न सुटला. मीही तेवढ्यात जरा आडवा व्हायला लागलो.

पण एका रविवारी मुलगी घरी आली होती. आईशेजारी बसून तीन-चार लग्नं तिनं बघितली आणि हळूच मला विचारलं, "पप्पा, यात आई कुठंय?"

"ती लाईटच्या मागं."

"दिसत नाही ते कळलं. पण बोलत असेल ना? आईचा आवाज कुठेच कसा नाही?"

मी म्हणालो, असेल की. तेव्हापासून माझी झोप उडाली.

एकेक डिस्क लावली. सगळीकडे सनई, नाहीतर गाणी. कारण मिक्सिंगला बसलो की माझं पहिलं काम हेच असायचं, मूळचा आवाज काढून टाकायचा. त्यात भांडी वाजतात, मुलं रडतात, आणि माझ्या बायकोचा आवाज तर सगळ्यात वरचा. एका गिऱ्हाईकाने सुरुवातीलाच ऐकवलं होतं, लग्न आमचं आणि बडबड तुमच्या घरची. ते मला लागलं होतं. त्यानंतर तिचा एक शब्द मी कुठे राहू दिला नाही. डीव्हीडी दिली की मूळ शूटिंगही पुसून टाकायचो, पुढच्या लग्नाला जागा लागायची. हजारो लोकांचं चित्रण केलं, आणि आम्हा दोघांचं एकमेकांनी करावं, हे कधी सुचलंच नाही. मुलीच्या मोबाईलमध्ये आईचे दोन-तीन तुकडे होते, ते मोबाईल बिघडला तेव्हा गेले. म्हणजे झटक्याने तिचा आवाज एका दिवसात नेला, आणि मी तो वीस वर्षं रोज थोडा थोडा पुसत होतो. मला स्वतःची शिसारी आली.

बायकोला हे सांगायची गरज पडली नाही. मी डिस्क लावायचो, कान देऊन बसायचो, काढायचो. ती बघत होती. एकदा तिनं स्वतःच्या गळ्यावर डावा हात ठेवला आणि भुवई वर करून माझ्याकडे पाहिलं. तिलाही तेच हवं होतं. मी मान हलवून नाही म्हणालो आणि स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी घासली.

पुढच्या खेपेला मुलीनं कम्प्युटर पुन्हा उघडला. आत आणखी एक हार्डडिस्क होती, तिची वायर कधीची निसटलेली. ती मी पार विसरलो होतो. जोडली तर तीत एकच फोल्डर निघाला, पाथर्डीकडच्या एका वाडीचं नाव असलेला. मला आठवलं. दोन्हीकडची माणसं ऊसतोडीला जाणारी. कारखान्यावरून परत आल्यावर उन्हाळ्यात लग्न उरकलं होतं. "दसऱ्याला येऊन डीव्हीडी घेऊन जातो," म्हणाले, आणि दसऱ्यानंतर पुन्हा कोयता घेऊन निघून गेले. कोणी आलंच नाही, म्हणून मी मिक्सिंगही केलं नाही. आळसाने माझं आयुष्यात एकच भलं केलं असेल, तर ते हे.

त्या जुन्या फाईली टीव्हीला चालेनात. नव्या पद्धतीत बदलायला त्या म्हाताऱ्या कम्प्युटरला अख्खी सकाळ लागली. पंखा असा घरघरत होता की आता बंद पडतो की मग. मी टेबलफॅन त्याच्याकडे वळवला आणि आम्ही घामात बसलो.

दुपारी टीव्हीवर पत्र्याची खोली आली. मधे पाटावर नवरी, हळद लावलेली, घामाने निथळणारी आणि रडणारी. दोन बायका ओटी भरतायत. आणि कॅमेऱ्याच्या बाजूने, अगदी जवळून:

"आवं, थांबा जरा. लई घाम आलाय लेकराला. लाईट बंद करते मी."

खटकन आवाज झाला आणि टीव्ही काळा पडला. काळ्यातून तिचा आवाज येत राहिला.

"पानी पी, बाई. रडू नको. असं रडत्यात व्हय? सासरी कुनी वंगाळ नसतं. अन् असलंच तर मला फोन कर, मी येते लाईट घिऊन."

खोलीतल्या बायका हसल्या. नवरीही हसली असावी, नाक ओढल्यासारखं ऐकू आलं. आमची मुलगी तोंडावर ओढणी दाबून बसली होती. बायको टीव्हीकडे बघत होती, डोळेसुद्धा न मिटता. आणि तेवढ्यात त्याच काळोखातून मी खेकसलो:

"लाईट लाव आधी. आणि तू गप बस ना जरा. तुझा आवाज येतोय रेकॉर्डिंगमध्ये."

पुन्हा खटका, पुन्हा उजेड. त्यानंतर अख्ख्या फाईलीत ती एक अक्षर बोललेली नाही. मी नंतर शेवटपर्यंत तपासलं.

मुलगी माझ्याकडे बघेना. मी तिचा लॅपटॉप पुढ्यात ओढला आणि म्हणालो, "माझं एवढं वाक्य काढून टाकतो. दोन मिनिटांचं काम आहे." कापायला माझा हात बसलेला आहे.

बायकोनं डाव्या हाताने माझं मनगट धरलं. "व्हय," म्हणाली. कपाळाला आठी होती, म्हणजे नको. मी हात मागे घेतला. तिनं रिमोट मांडीवर ओढला, अंगठ्याने चाचपत बटण शोधलं आणि ते मागे नेलं. पुन्हा घाम, पुन्हा काळोख, पानी पी बाई. मी उठायला लागलो, तर मनगटावर पुन्हा तिचा हात आला. म्हणून मी बसलो आणि माझी वाट बघत राहिलो. मी आलोच.

"तुझा आवाज येतोय."

"व्हय," ती टीव्हीकडे बघत म्हणाली. भुवई वर होती.