चाळीस हजारांचा कोट

"कोट काढ. घामानं खराब करशील."

संस्थाचालक साहेब केबिनमध्ये तीन प्राध्यापकांसमोर बोलले. मी नुकताच खाली सभागृहात दोनशे पोरापोरींसमोर भाषण करून आलो होतो. टाळ्या अजून कानात होत्या. निळा कोट साहेबांच्या मुलाचा. भाषणाआधी शिपायानं तो माझ्या अंगात चढवला होता. मी काढला. घडी घालायला लागलो तर साहेब म्हणाले, "राहू दे. आता धुवायलाच टाकायचाय." एक प्राध्यापक हसला. कोट का धुवायचा, ते केबिनमधल्या सगळ्यांना कळलं. मलाही. मी कोणत्या वस्तीतला, हे साहेबांना ठाऊक होतं.

मी म्हणालो, "सॉरी साहेब."

त्या सॉरीनं आठ वर्षं माझी झोप उडवली, असं लिहिलं तर खोटं होईल. झोप लागायची. पुढच्या जूनला मी पुन्हा गेलो. पुन्हा तोच कोट.

परभणीतल्या त्या मीडिया कॉलेजच्या पहिल्या तुकडीतला मी. सेलूत एका दैनिकाचा तालुका वार्ताहर. ह्या कामाला पगार नसतो, हे बाहेर कुणाला माहीत नाही. जाहिराती आणायच्या आणि त्यावर कमिशन घ्यायचं. वाढदिवस, पुण्यस्मरण, दुकानाचं उद्घाटन. कॉलेज दर जूनला प्रवेशाची पानभर जाहिरात द्यायचं. माझी वर्षातली सगळ्यात मोठी. बदल्यात मार्गदर्शन शिबिरात कोट घालून बोलायचं : "मी ह्याच कॉलेजचा. आज महिन्याला चाळीस हजार कमावतो."

आकडा साहेबांनी दिलेला. पहिल्यांदा बोलताना जीभ अडखळली. नंतर नाही. कॉलेजच्या फाटकावर फ्लेक्स लागायचा, त्यात मी, हातात उसना माईक. वस्तीतले लोक त्याचा फोटो काढून मला दाखवायला आणायचे. मला ते आवडायचं. एवढं एक वाक्य लिहायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला.

आमच्याच गल्लीतली प्रणिता. तिची आई कौसाबाई कापसाच्या जिनिंगवर कामाला जाते. पोरीचा नर्सिंगला नंबर लागला होता. तिनं माझं भाषण ऐकलं आणि नर्सिंग सोडलं. फी शिष्यवृत्तीतून भागली, पण कॅमेऱ्याचे वेगळे, स्टुडिओचे वेगळे. कौसाबाईनं कानातलं मोडलं. तीन वर्षांनी पोरगी पदवी घेऊन आली. आज मोबाइलच्या दुकानात कव्हरं विकते.

ह्या मे महिन्यात मायलेकी घरी आल्या. कौसाबाई उभीच राहिली.

"दादा, तुमच्या पेपरात ती चाळीस हजाराची एखांदी जागा हाय का? निम्म्यावर बी करल पोरगी."

टोमणा नव्हता. ती खरंच विचारत होती. मी म्हणालो, "बघतो."

प्रणिता म्हणाली, "काका, बघू नका. मागच्या महिन्यात तुमच्या खात्यावर किती आले, तेवढं सांगा."

"असं का विचारायलीस?"

"तीन वर्षं हेच तर शिकले. आकडा सांगणाऱ्याला कागद मागायचा. तुमच्या भाषणाच्या दिवशी मला ते येत नव्हतं."

आत बायकोचं लाटणं थांबलं. मी पासबुक काढून दिलं. प्रणितानं मोठ्यानं वाचलं. "सहा हजार चारशे."

कौसाबाईनं पासबुक हातात घेतलं. तिला वाचता येत नाही. तरी बराच वेळ त्या पानाकडं बघत राहिली. मग म्हणाली, "तुमी तर आपले होता की ओ."

साहेबांच्या कोटाचा मला राग होता. तोच कोट घालून मी कौसाबाईच्या कानातलं उतरवून घेतलं.

जून आला. शिबिराला बोलावणं आलं. शिपाई कोट घेऊन उभा. मी म्हणालो, "नको."

"साहेब चिडतेत हं."

"चिडू दे."

नुसत्या शर्टावर स्टेजवर गेलो. "मी ह्याच कॉलेजचा. मला पगार नाही. एप्रिलमध्ये सगळं धरून सहा हजार चारशे मिळाले. आठ वर्षं मी इथं खोटं बोललो."

माईक बंद झाला. शेवटच्या रांगेतून पोरीसोबत आलेली एक बाई उठली. "ओ दादा, मागं ऐकू येईना. किती म्हनलाव?"

मी ओरडून सांगितलं. सहा हजार चारशे.

पहिल्या रांगेतून साहेब गरजले, "खाली उतर. तुझी जाहिरात बंद."

"बंद करा," मी म्हणालो. "आणि अरेतुरे पण."

माईक बंदच होता. पण आवाज माझाच होता.

पदवीला मी वाईट म्हणत नाही. प्रणितानं मला जो प्रश्न विचारला, तो त्याच पदवीनं तिला दिला. पण त्या प्रश्नावर घर चालत नाही, हे पोरांना आधी सांगायला पाहिजे होतं, आणि सांगायला मी होतो. तिची नर्सिंगची जागा मी परत आणू शकत नाही. कौसाबाई माझ्याशी बोलत नाही. तिनं बोलूही नये.

माझं ऐकून त्या कॉलेजात गेलेली अकरा पोरं मला नावानिशी ठाऊक आहेत. पासबुक घेऊन एकेका घरी जातोय. आकडा माझ्या तोंडानं सांगतोय. सोनपेठला एका पोराच्या आजीनं सगळं ऐकून घेतलं आणि चहा दिला. शिव्या परवडल्या असत्या. पालमला बापानं तोंडावर दार लावलं.

चार घरं झाली. पालमचं मी त्यात धरत नाही. ते दार उघडेपर्यंत जाणार.