नत्थूजींची झाकलेली गाठ

सकाळी जाग आली की नत्थूजी आधी उताणे पडून राहत. जांघेतली लिंबाएवढी गाठ बोटांनी हळूच आत सारत, वरून पट्टा आवळत आणि मगच खाटेखाली पाय टाकत. हे फक्त त्यांना आणि त्यांच्या बायकोला, कलाबाईला ठाऊक होतं. तहसील कचेरीत पस्तीस वर्षं फायलींचे गठ्ठे वाहिलेल्या या शिपायाला सौंसरमध्ये कुणी आजारी पाहिलं नव्हतं. त्याचाच त्यांना मोठा तोरा.

विहारातल्या बावीस जणांचं श्रीलंकेला जायचं ठरलं होतं. तीन आठवडे उरले, तेव्हा सून प्रणाली प्रवासाच्या विम्याचा फॉर्म भरायला मोबाईल घेऊन बसली. घरात ते तिलाच जमायचं.

"बाबा, शुगर, बीपी?"

"नाही."

"हर्निया?"

मेथी निवडणाऱ्या कलाबाईचे हात थांबले. सासऱ्यानं सुनेपुढे जांघेचं नाव काढायचं तरी कसं?

"काही नाही म्हणून राहिलो ना! घोड्यावानी आहो मी."

"बरं, घोडा," म्हणत प्रणालीनं 'नाही'वर बोट ठेवलं.

रामाकोन्याचा कलाबाईचा भाऊ हिरामण असाच गाठ झाकून फिरायचा. एका लग्नात जेवता जेवता आतडं अडकलं. नागपूरला नेईस्तोवर ते काळं पडलं होतं, हिरामण वाचला नाही. तिथं निदान आपली माणसं होती, आपली भाषा होती. परमुलखात हे असे लोळायला लागले, तर कुणाला काय सांगायचं? आणि विमावाले म्हणतील, तुम्हीच तर 'नाही' लिहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाठ आत जाईना. नत्थूजींच्या कपाळावर घाम डवरला. कलाबाई पदर तोंडात धरून बघत राहिली. बऱ्याच वेळानं ते म्हणाले, "गेली."

ती तडक स्वयंपाकघरात गेली.

"प्रणाली, फॉर्म धाडला का?"

"नाही आई. ओटीपी बाबांच्या मोबाईलवर येते, तो घ्यायचा आहे."

"त्यात हर्निया लिही."

"पण बाबा तर घोडा..."

"घोड्याले दोन वर्षांपासून पट्टा आहे."

प्रणालीला हसू आलं नाही. तिनं गॅस बंद केला. "आई, आता आधी डॉक्टर. फॉर्मचं मग पाहू."

दारात नत्थूजी उभे होते. "सुनेपुढं माही इज्जत काढली तुनं?"

"तुमच्या फोटोपुढं मेणबत्ती लावन्यापरीस तुमचा राग बरा," कलाबाई म्हणाली.

त्याच दुपारी पांढुर्ण्याच्या सर्जननं तपासलं आणि चष्मा काढला. "प्रवास आत्ता नाही. आधी ऑपरेशन. ही कधीही अडकू शकते."

नत्थूजींनी पट्टा पुन्हा आवळला. मग लहान पोरासारखं विचारलं, "डॉक्टरसाहेब, बेशुद्ध केल्यावर माणूस... उठते ना?"

कलाबाईनं चमकून नवऱ्याकडे पाहिलं. दोन वर्षं हा माणूस लाजेनं गप्प आहे, असंच ती समजत होती.

"उठतो," डॉक्टर म्हणाले. "कधी भरती होता?"

नत्थूजींनी बायकोकडे पाहिलं. हिरामणचा चेहरा तिच्या डोळ्यांपुढून हलत नव्हता.

"आजच," ती म्हणाली.