पल्लवीच्या सायकलचे वरचे ब्रेक

मैत्रिणीच्या वस्तूत खोट सापडली की मनाला बरं का वाटतं? घरातली पहिली पदवीधर असूनही मला याचं उत्तर देता येत नाही.

पल्लवीला तिच्या मामाने जुनी रेसर सायकल दिली आहे. वाकड्या हँडलला नेहमीचे ब्रेक खाली आहेतच, शिवाय सरळ बसून दाबायला वर दोन जादा. मी अजून बाबांच्याच सायकलवर. आठवडाभर जळत होते.

आज सकाळी तिने मला चक्कर मारू दिली. तलावाच्या पाळीवरून उतरताना वरचा ब्रेक पूर्ण दाबला, तरी सायकल थांबेना. खालचा दाबला तेव्हा थांबली.

"कशी हाय वो, मॅडम?" पल्लवीने विचारलं.

"मस्त," म्हणाले आणि घरी आले.

जेवताना लक्षात आलं. ओढणी सांभाळत सरळ बसणारी पल्लवी उद्या त्याच उतारावर वरचाच ब्रेक दाबणार होती. दुपारी जाऊन सांगितलं.

"मंग तवाच काहून नाही बोलली?"

"मी जळून राहिली होती."

"मले वाटलंच! खालचेच बरे. आता वरचे काढाले पेचकस तूच धर."

जादा ब्रेक निघाल्यावर सायकल आणखीच देखणी दिसली. मी अजून जळतेच आहे, पण वरचे दोन्ही ब्रेक काढूनच घरी आले.