सोडणारी रील

सुपडूनाना माझ्या दुकानात पहिल्यांदा आले आणि पाचव्या मिनिटाला त्यांनी काचेच्या कपाटातल्या मासेमारीच्या नव्याकोऱ्या रीलची दोरी दातांत धरली. डोळे मिटलेले, मान ताठ, आणि दोन्ही हातांनी रील पोटापासून हळूहळू पुढे सरकवत हा सत्तरीचा म्हातारा दातांनी दोरी सोडवतोय! मी बघतच राहिले.

"अहो आजोबा, विकायचा माल आहे तो!" मी ओरडलेच.

त्यांनी एक डोळा उघडला, हाताने थांब म्हणून खूण केली आणि दोरी तोंडातून काढून म्हणाले, "थांब वं माय. दात आयकी ऱ्हायनात."

दात ऐकतायत म्हणे! माझं डोकंच फिरलं. तशी मी तापटच. धुळ्याला आग्रा रोडच्या आतल्या गल्लीत आमचं खेळाच्या सामानाचं दुकान आहे. बॅटी, कॅरम, फुटबॉल आणि एका कोपऱ्यात मासेमारीचं सामान. वडिलांच्या मागे नऊ वर्षं मी एकटी ते चालवते आहे. नरम राहिले असते तर गिऱ्हाइकांनी कधीच दुकान धुऊन नेलं असतं. पण नानांपुढे माझा आवाज चढला की ते नुसते हसायचे आणि पुढची रील मागायचे.

मासे पकडायच्या रीलमध्ये एक ब्रेक असतो. मासा जोरात पळाला की दोरी तुटू नये म्हणून तो ब्रेक दोरी थोडी थोडी सोडतो. लोक रील घेताना रंग बघतात, वजन बघतात, किती मोठा मासा ओढेल ते विचारतात. नाना यातलं काहीच विचारायचे नाहीत. "ओढनारी बठ्ठा दुकानम्हा भेटस," ते म्हणायचे, "माले सोडनारी दखाड." ओढणारी सगळीकडे मिळते, त्यांना सोडणारी हवी होती. दोंडाईच्याच्या एसटी डेपोत पस्तीस वर्षं त्यांनी गाड्यांना ब्रेक बसवले होते. "ब्रेक थांबाडासाठे नही ऱ्हास माय, धक्का न लागता थांबाडासाठे ऱ्हास." आणि धक्का दातांनाच का कळतो, तर ग्रीस आणि पान्यांनी बोटं पार मेलेली. "बोटं खोटं बोलतस. दात नही." खरं सांगायचं तर दातही मोजकेच उरले होते, पण नानांचा त्यांच्यावर गाढ विश्वास होता.

किती किलोच्या माशासाठी हवी, असं मी एकदा विचारलं.

"पन्नास. कधी साठ बी."

मी खो खो हसले. गळ टाकणाऱ्या माणसाच्या थापा ऐकतच मी मोठी झालेय. हातभर मासा दुकानात येईपर्यंत पुरुषभर होतो. म्हटलं, "नाना, तापीत पन्नास किलोचा मासा? मारायची तर जरा बेताने मारा!" ते चिडले नाहीत. म्हणाले, "पानीम्हा वजन ऱ्हास नही. काठवर उनं का मंग जड व्हस." काठावर आलं की जड होतं म्हणे! मी ते हसण्यावारी नेलं. दर महिन्याला एकदा दोंडाईच्याच्या बसने ते यायचे, चहा घ्यायचे, चार रीलींना दात लावायचे आणि काही न घेता जायचे. त्यांची जुनी रील झिजली होती आणि तिच्यासारखी दुसरी मिळत नव्हती.

शेवटी मीच त्यांच्या मागे लागले. नवीन माल आला होता. हँडल एकदा फिरवलं की दोरीचं चाक सहा वेळा फिरायचं, सुसाट! नानांनी दातांनी पाहिली आणि तोंड वाकडं केलं. "भलती पयस वं हाई." मी म्हटलं, "पळणारच! जग कुठे चाललंय आणि तुम्ही कुठे बसलाय? घ्या, मी सांगते ना!" इतक्या महिन्यांत त्यांनी माझं एकही ऐकलं नव्हतं. त्या दिवशी मात्र म्हणाले, "तू सांगस ते ठीक शे," आणि घेऊन गेले. जिंकल्यासारखं वाटलं होतं मला.

पंधरा दिवसांनी, ऐन चैत्राच्या उन्हात, ते सकाळी अकराला दारात उभे. गुडघ्यापर्यंत चिखल, तोही वाळलेला. रील त्यांनी काउंटरवर ठेवली, आपटली नाही.

"हाई मासास्नी रील शे माय. माले मानसंस्नी दे."

आणि मी काय बोलले माहीत आहे? आजही आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते. मी हसत म्हणाले, "माणसांची रील मोबाइलवर असते नाना! इन्स्टावर बघा!"

ते हसले नाहीत. स्टुलावर बसले, पाणी मागितलं, घोटभर प्यायले आणि सांगितलं. काल सकाळी त्यांच्या गावच्या बंधाऱ्याखाली एक नवी सून गोधड्या धुताना पाय सरकून वाहून गेली. खाली खडक आणि भोवरा, होडी जात नाही. अशा वेळी गळ टाकून कपड्यात अडकवायचा आणि देह काठाला आणायचा, हे काम नाना करतात. बावीस वर्षं करतायत. काल पदर गळाला लागला. देह वर आला, काठापासून पंधरा फुटांवर आला. पारोळ्याहून धावत आलेला मुलीचा बाप दोन्ही हात पसरून पाण्यात उतरला.

"मी हँडल फिरावं आनि ती एकदम उनी. धक्का बसना. लुगडं फाटनं. पोर परत गई." मग जरा थांबून म्हणाले, "बाप आजून तठेच उभा शे."

काउंटरवरच्या त्या चकचकीत रीलकडे मला बघवेना. सुसाट! मीच म्हटलं होतं, सुसाट. ज्या पन्नास किलोंवर मी खो खो हसले होते ते कुणाचे किलो होते हे आता कळत होतं.

घाबरले की मला राग येतो. मी त्यांच्यावरच ओरडले, "आधी का नाही सांगितलंत? मी दिली असती का ही? सांगायचं तरी होतंत!"

"सांगं असतं ते तू माले दुकानम्हा येऊ दिधं असतं का?"

नसतं येऊ दिलं. हे मला माहीत होतं, आणि त्यांनाही. नाना सांगत गेले. एका दुकानदाराने त्यांना बोहनीच्या आधी यायचं नाही म्हणून बजावलं होतं. गावात गरज पडली की लोक रात्री-अपरात्री त्यांना उठवायचे, आणि काम झालं की त्यांच्या वाटेवर पाणी शिंपडायचे. लग्नाची पत्रिका सगळ्या आळीला जायची, त्यांचं घर वगळून. गरज सरो, वैद्य मरो, दुसरं काय! "मी काय म्हनस नही," नाना म्हणाले. "भेव वाटस लोकेसले. माले बी वाटस. पन कोनी तरी कराले जोयजे ना. तू रील दे, बाप उभा शे."

मी शिडी लावली. वडिलांच्या वेळच्या तीन मोठ्या रीली माळ्यावर पडून होत्या, बोजड आणि संथ म्हणून कुणीच न घेतलेल्या. धूळ पुसली, दोरी चढवली. आणि नाना पुढे होण्याआधी मीच दोरी दातांत धरली. पहिलीचा ब्रेक सुटताना हिसका बसला, अगदी बारीक, पण हिरडीत कळला. दुसरी अडखळली. तिसरीची दोरी केव्हा सुटायला लागली ते समजलंच नाही. नुसती येत राहिली.

"आयकं का?" नानांनी विचारलं.

"ऐकलं."

मी सवयीने मोठा गळ काढला तर त्यांनी तो परत ठेवायला लावला. अहिराणीत आमच्याकडे ळ चा य होतो, गळाला गय म्हणतात. "धाकला दे," ते म्हणाले, "मोठा गयले गय नही ऱ्हास." मोठ्या गळाला दयामाया नसते! आणि असं बोलणाऱ्या माणसाच्या वाटेवर लोक पाणी शिंपडत होते.

मी शटर ओढलं आणि त्यांना गाडीत घातलं. इतक्या वर्षांत भर दिवसा दुकान बंद करायची ती पहिलीच वेळ. शिंदखेडा मागे टाकून आम्ही थेट त्यांच्या गावचा बंधारा गाठला.

बंधाऱ्यावर एक पोलीस होता. गाव लांब निंबाखाली. आणि पाण्यात, गुडघाभर पाण्यात, तो बाप खरंच उभा होता. पांढरी टोपी, शर्टाच्या बाह्या वर केलेल्या. त्याने आमच्याकडे पाहिलं, मग रीलकडे पाहिलं. नानांनी चार वेळा गळ टाकला. चौथ्यांदा दोरी ताणली गेली.

कालपासूनच्या जागरणाने नानांच्या हातांत त्राण उरलं नव्हतं. त्यांनी मागे वळून पाहिलं, तिथे मी एकटीच होते. रील लावलेला रॉड त्यांनी माझ्या हातात दिला.

"मी? नाना, नको! मला नाही जमणार!"

"वढू नको. ती येस तितलीच येऊ दे. हयूहयू." आणि ते पाण्यात उतरून त्या बापाशेजारी जाऊन उभे राहिले.

मी हँडल फिरवायला लागले. भोवरा ओढायचा, तशी रील दोरी सोडायची, जराही न हिसकता. मग पाणी ढिलं पडायचं आणि मी दोन वेढे घ्यायची. सोडायचं, घ्यायचं. अर्धा तास गेला असेल, नाहीतर दहा मिनिटं. माझ्या दुकानातल्या वस्तूने कुणाचं तरी लेकरू येत होतं, आणि ते लेकरू मेलेलं होतं, आणि तरीही मी मनात घोकत होते, ये बाई, ये, फाटू नको. ती आली. बापाने तिला दोन्ही हातांवर घेतलं आणि आधी काय केलं, तर तिच्या डोक्यावरचा पदर नीट केला. नानांनी तोंड फिरवलं.

मी गाडीमागे जाऊन भडाभडा ओकले आणि मग हमसून हमसून रडले. नाना आले, शेजारी उकिडवे बसले. "रडी ले," म्हणाले. "मी बी रडस. पन रील धवाना नंतर." आणि बादलीभर स्वच्छ पाण्यात त्यांनी ती रील लहान बाळासारखी धुतली.

त्यानंतर तीन वर्षं नाना येत राहिले. आता गळ नेताना ते आधी अंगावरचा कपडा कसला ते सांगायचे, सुती पटकन फाटतो, टेरिकॉट टिकतो म्हणून. मी त्यांना मुद्दाम बोहनीच्या आधी बोलवायची. कुणी नाक मुरडलंच तर त्या गिऱ्हाइकाची अशी काही हजेरी घ्यायची की विचारू नका. आमच्या घरी माझ्या भाचीच्या लग्नात नाना पहिल्या पंगतीला बसले, आणि वाढणाऱ्याला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने मी त्यांना आणखी वाढायला लावलं. त्या दिवशी ते फार कमी जेवले. नुसते इकडे तिकडे बघत होते.

यंदाच्या थंडीत छातीत कफ भरल्याचं निमित्त झालं आणि ते गेले. मला कळेपर्यंत दहावाही होऊन गेला होता. सुन्न होऊन मी दोन दिवस दुकान उघडलं नाही.

महिना झाला असेल. दुपारी अनोळखी नंबरवरून फोन आला. माणूस नानांच्या गावापलीकडच्या गावचा पोलीस पाटील होता. "ताई, आमच्या इथे नदीत एक जण बुडालाय. सुपडूनाना सांगून गेले होते, माझ्यामागे या नंबरवर फोन करा म्हणून."

मी ताडकन उभीच राहिले. "मला? अहो, मी दुकानदार बाई आहे! माझा काय संबंध?"

"हो ताई. नाना म्हणाले होते, ती आधी चिडेल."

म्हणजे या म्हाताऱ्याने मला न विचारता, जाता जाता, सगळ्या तापीकाठाला माझा नंबर वाटला होता! विचारायचं तरी होतंत नाना! एकदा तरी! नाही म्हणायला मी तोंड उघडलं. सांगणार होते, मला जमत नाही, दुसरं कुणी तरी बघा.

आणि मी माझाच आवाज ऐकला, अगदी शांत, हळू.

"अंगावर कपडा कसला आहे? सुती, की टेरिकॉटचा?"