स्टोअरची ओळ

चूक माझी होती, आणि ती माझीच आहे हे मला त्याच दुपारी कळलं होतं. तरी मी एका माणसाची खुर्ची जाऊ दिली.

नव्वदच्या दशकाची शेवटची वर्षं होती. सिल्वासाजवळ खडोलीला धाग्याच्या कारखान्यात मी कॉम्प्युटर सांभाळायचो. प्लांटमधून कुणीही ऑफिसच्या सर्व्हरमध्ये शिरतं, अशी मॅनेजरची तक्रार होती. म्हणून सगळ्या वायरी जिथं एकत्र येतात त्या स्विचवर मला यादी लिहायची होती: कुणाला जाऊ द्यायचं, कुणाला अडवायचं. स्विच यादी वरून खाली वाचतो आणि लागू पडणारी पहिली ओळ सापडली की पुढचं बघत नाही. मी लिहिलं: ऑफिसला जाऊ दे, प्लांटला अडव. मग आठवलं, स्टोअर प्लांटमध्ये बसतं, पण त्याला सर्व्हर लागतो. स्टोअरची ओळ जोडली. ती अडवणाऱ्या ओळीच्या खाली, तळाला गेली. मी तपासलं नाही. चहाला गेलो.

स्टोअरला धुळ्याकडचे एक पन्नाशीचे गृहस्थ होते. सगळे त्यांना आप्पा म्हणत. कॉम्प्युटर वर्षभरापूर्वी शिकलेले, एका बोटानं टाइप करायचे. जेवणाच्या सुट्टीनंतर ते ऑफिसात आले.

"साहेब, माझं मशीन उघडत नाही. माल अडकलाय."

"आप्पा, तो बैल नाही. शेपूट पिरगाळून चालत नाही."

ऑफिस हसलं. आप्पाही थोडं हसले. मग त्यांनी वही पुढं केली. "हे बघा ना. अकरा वीसला चालू होतं. अकरा बावीसला बंद. मी टाइम लिहून ठेवतो."

अकरा एकवीसला मी यादी सेव्ह केली होती. ती वेळ माझ्या कागदावर लिहिलेली होती.

तेवढ्यात मॅनेजर बाहेर आला. "क्या हुआ? गाडी रुकी है!"

मला अजून नोकरीत कायम केलेलं नव्हतं. मी म्हणालो, "सर, यांना जमत नाही. नुसती वही लिहीत बसतात. वायर ओढली असेल."

"सर, मी हातसुद्धा नाही लावला."

"मग कुणी लावला? उंदरानं?" हेही मीच म्हणालो. पुन्हा हशा.

यादी पुसून मी नवी लिहिली, स्टोअरची ओळ वर घेऊन. दहा मिनिटांचं काम. मग स्टोअरमध्ये जाऊन आप्पांसमोर मशीन चालवून दाखवलं. "बघा, चालतंय की."

"साहेब, माझं काय चुकलं तेवढं सांगा. पुन्हा नाही करणार."

मी ऑफिसकडं वळलो.

सोमवारी स्टोअरला नवा माणूस बसला आणि आप्पांना लोडिंगला टाकलं. त्या वयात ते धाग्याचे खोके ट्रकमध्ये चढवू लागले. महिन्याभरात मी कायम झालो. येताजाता ते मला नमस्कार करायचे, आणि मी घड्याळ बघत पुढं जायचो.

वर्षभरानं मी मॅनेजरला सगळं सांगितलं. तो हसला. "छोडो यार, नया आदमी फास्ट है." खुर्ची परत देणं आता माझ्या हातात नव्हतं.

तसाच लोडिंगवर गेलो. हमाल बिड्या पीत बसले होते. आप्पा पाठीवर खोका घेऊन फळीवर चढत होते. "बाजूला व्हा साहेब, लागेल," ते म्हणाले.

मी बाजूला झालो नाही. सगळ्यांना ऐकू जाईल असं बोललो, "आप्पा, तुमचं काहीच चुकलं नव्हतं. मशीन मी बंद पाडलं होतं. ते मला तेव्हाच कळलं होतं, आणि तरी मी तुमच्यावर ढकललं. मला माफ करा."